हत्तीची दुपारची झोप

कडूसकर सरांनी शर्टाच्या खिशाला टोचलेली टाचणी काढली, माझ्या वर्गाच्या दारात उभं राहून हात खांद्याइतका वर नेला आणि टाचणी सोडली.

आम्ही दोघंही खाली बघत राहिलो. आत चौथी 'ब'ची एक्केचाळीस मुलं सतराचा पाढा म्हणत होती. त्यातली काही एकोणिसाचा म्हणत होती, आणि मागच्या बाकांवर एक मांजर नेमकं कुणाचं, यावरून वाद चालू होता.

"ऐकू आली?" सरांनी विचारलं.

"कोण सर?"

"टाचणी, भणगे. टाचणी."

"नाही सर."

"का नाही आली?"

टाचणी फार लहान असते, हे याचं खरं उत्तर होतं. पण मी तासिका तत्त्वावर होतो, आणि तासिका तत्त्वावरच्या माणसानं खरी उत्तरं मनातच द्यायची असतात. "चूक झाली सर," मी म्हणालो.

सर वाकले, टाचणी उचलली, फुंकर मारली. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता, असं लोक नुसतं बोलतात. कडूसकर सर करून बघत. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ते प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक होते. गावाचं नाव सांगत नाही. सरांचे दोन पुतणे अजून तिथंच आहेत आणि दोघंही वकील आहेत.

ही वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेत एक कायम जागा भरायची होती. उमेदवार दोन, एक मी आणि दुसऱ्या 'अ' तुकडीच्या बाई. बाईंच्या वर्गात टाचणी पडायच्या आधीच ऐकू यायची. मी कायम झालो, तरच वृंदाच्या वडिलांकडे जाऊन तिला मागणी घालता येणार होती. तेव्हा माझी नोकरी, लग्न आणि पुढचं सगळं आयुष्य त्या एवढ्याशा टाचणीच्या टोकावर उभं होतं.

"शनिवारी तुमच्या वर्गात त्या परदेशी बाईंचा कार्यक्रम आहे ना?" सरांनी विचारलं.

"हो सर. आफ्रिकेतलं संगीत, गोष्ट आणि नाच."

"ढोल?"

"ढोल नाही सर. एक लाकडी फळी असते, तिच्यावर लोखंडी पट्ट्या बसवलेल्या. अंगठ्यांनी वाजवतात."

"अंगठ्यांनी," सर समाधानानं म्हणाले. अंगठ्याचा आवाज बोटापेक्षा कमी होत असावा, असा त्यांचा अंदाज दिसला. "मी स्वतः दारात उभा राहणार. परदेशी माणसासमोर शाळेची शिस्त दिसली पाहिजे. टाचणी ऐकू आली, तर एप्रिलमध्ये तुमचं नाव संस्थेकडे पाठवतो."

नाही आली तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. टाचणी खिशाला टोचली आणि 'अ' तुकडीकडे गेले.

*

परदेशी बाईंचं नाव सेकाई. गावाबाहेरच्या कृषी विद्यापीठात ती झिम्बाब्वेहून बाजरीवर संशोधन करायला आली होती. तिची माणसं शोना, भाषाही शोना, आणि त्या भाषेत बाजरीला म्हुंगा म्हणतात. विद्यापीठात सगळे तिच्याशी इंग्रजीत बोलत, त्यामुळे तिथं ती मराठीचा एक शब्दही शिकली नाही. ती मराठी शिकली शेतात, बाजरी खुरपणाऱ्या बायकांकडून. तिचा शेतावर जायचा रस्ता माझ्या वर्गाच्या खिडकीखालून जायचा. एके दिवशी ती खिडकीशी थांबली आणि तिनं मला पहिलं वाक्य ऐकवलं:

"आवो मास्तर, पोरं लई ग्वाड हायेत तुमची. पर तुमी त्यांला सारखं गप का करता?"

मी खडू खाली ठेवला. इतकी वर्षं पुण्यात शिकून मला इतकं स्वच्छ मराठी येत नव्हतं.

पुढं ओळख झाली. शाळा सुटली की फाटकाजवळच्या कट्ट्यावर आम्ही बोलत बसायचो. सेकाई म्हणजे 'हसा', असं तिनं सांगितलं. अनेकवचन, आज्ञार्थ. तिच्या आईला लागोपाठ चौथी मुलगी झाली तेव्हा आजूबाजूचे हसले. आईनं मुलीचं नावच ठेवलं 'हसा', म्हणजे शेजाऱ्यांनी पोरीला हाक मारली की प्रत्येक वेळी त्यांना त्यांचंच वागणं ऐकू यावं. आमच्याकडे अशा वेळी मुलीचं नाव 'नकोशी' ठेवतात, हे मी तिला सांगितलं नाही.

"मास्तर," ती एकदा म्हणाली, "मला तुमच्या पोरांला आमची गोष्ट सांगू द्या. गाणं, नाच, समदं. दोन वर्सं झाली, म्या कुणाला गोष्टच सांगितली नाय. आमच्यात सांजच्याला सांगत्यात. दिवस मावळला की."

"शाळा पाचला सुटते. शनिवारी तर सकाळचीच असते."

"मंग सकाळी सांगू," ती हसून म्हणाली. मग जरा काळजीनं विचारलं, "पर पोरं बोलत्याल ना?"

आता इथं माझी चूक झाली. तिला काय विचारायचंय ते मला शंभर टक्के कळलं, असं मला वाटलं.

"छे छे!" मी म्हणालो. "एक शब्द बोलणार नाहीत. त्याची पूर्ण हमी माझी."

तिचा चेहरा किंचित उतरला. तो मला आदर वाटला.

*

आठवडाभर मी वर्गाकडून शांततेची तालीम करून घेतली. मराठी शाळेतून गेलेल्या प्रत्येकाला ती आज्ञा ठाऊक असते: हाताची घडी, तोंडावर बोट. ती एकदा अंगात मुरली की मोठेपणीही उतरत नाही. मी पुढं वर्तमानपत्रात असताना कितीतरी सभांना गेलो, आणि व्यासपीठावरून काय वाट्टेल ते बोललं जात असताना समोरची पाचशे प्रौढ माणसं अदृश्य बोटं तोंडावर ठेवून बसलेली पाहिली.

चौथी 'ब'मध्ये मात्र या आज्ञेला तेजू औटी नावाचा अपवाद होता. तेजू नऊ वर्षांची होती आणि झोपेतही बोलते, असं तिची आई अभिमानानं सांगायची.

"सर, खोकला आला तर?" तेजूनं विचारलं.

"गिळायचा."

"आणि शिंक?"

"तीही."

"शिंक गिळता येत नाही सर. मी करून बघितलंय. कानातून येते."

"तेजू, बोट."

तिनं बोट ठेवलं आणि बोटाच्या बाजूनं विचारलं, "आणि सर, हसू आलं तर?"

"हसू येणार नाही."

"पण त्यांचं नावच 'हसा' आहे ना?"

ज्यावर उत्तर नसतं त्याला शिक्षक जे म्हणतात तेच मी म्हणालो. "गप्प बस."

*

शनिवारी सकाळी आठ वाजता सेकाई आली. शेतावर ती पँट आणि टोपी घालून जायची. आज कमरेला मोठ्या फुलांचं रंगीत कापड गुंडाळलं होतं, डोक्याला तसाच रुमाल होता. काखेत गाठोडं. बाकं भिंतीला लावून मी मुलांना जमिनीवर रांगेत बसवलं होतं. एक्केचाळीस घड्या, एक्केचाळीस बोटं. ती दारात थबकली. देवळात चुकून आल्यासारखी चप्पल काढून आत आली.

गाठोड्यातून वाद्य निघालं. त्याचं नाव म्बिरा. जाड फळीवर वीस-बावीस लोखंडी पट्ट्या, आणि फळीच्या खालच्या कडेला चक्क थंड पेयांच्या बाटल्यांचे बिल्ले ठोकलेले. बिल्ले बघून तेजूचे डोळे इतके मोठे झाले की बोट कामी येईल की नाही, याची मला शंका वाटली. तिच्याकडे घरी एकशे अकरा बिल्ले होते. पण बोट टिकलं.

सेकाईनं फळी अर्ध्या कापलेल्या मोठ्या सुक्या भोपळ्यात ठेवली आणि अंगठे चालवले.

तो आवाज मी कसा सांगू? पाण्याखाली कुणीतरी बारीक घंटा वाजवत असावं, तसा. आणि त्यामागून बिल्ल्यांची झिर्र झिर्र. तंबोऱ्याला जव्हारी लावल्यावर जशी येते तशी, सुरालाच आलेली मिशी. मग ती गायला लागली. एक ओळ गायची आणि जागा सोडायची. पुन्हा ओळ, पुन्हा जागा. त्या जागेत ती मुलांकडे भुवया उंचावून बघायची. मुलं माझ्याकडे बघायची. मी मान हलवून सांगायचो, शाब्बास, असंच.

मग तिनं म्बिरा खाली ठेवला, बिया भरलेल्या दोन सुक्या भोपळ्यांचे खुळखुळे हातात घेतले आणि नाचली. कमरेत वाकून, टाचा जमिनीवर अशा आपटत की फरशीचा ठोका आमच्या बसकणीला लागत होता. नाचता नाचता तिनं पहिल्या रांगेपुढं हात केला. "या की. उठा."

कुणी उठलं नाही. तेजूचा उजवा पाय मात्र मांडीखाली स्वतंत्रपणे हलत होता. मी तिच्याकडे बघितलं. पाय थांबला.

नाच संपला. सेकाई धापा टाकत उभी राहिली. वर्गात श्वाससुद्धा मोजून घेतले जात होते. आणि त्या शांततेत दारातून आवाज आला.

टिंग.

माझ्या आयुष्यात मी इतका सुरेल आवाज ऐकला नव्हता. कडूसकर सरांनी टाचणी उचलली, माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. आवाज न करता त्यांचे ओठ हलले. मला स्पष्ट वाचता आलं: एप्रिल.

सेकाई आता गोष्टीला बसली.

"पाइवापो," ती म्हणाली आणि थांबली.

शांतता.

"पाइवापो. म्हंजी, होता एकदा." पुन्हा थांबली. मग स्वतःच हळूच पुटपुटली, "द्झेपफुंदे." आणि पुढं गेली. "होता एक ससा."

शांतता.

"सशाला काम करायचा लई कटाळा."

शांतता. एरवी या वाक्यावर चौथी 'ब'तून निदान दहा नावं आली असती.

चौथ्या वाक्याला तिचा आवाज खाली आला. पाचवं तिनं सुरू केलं आणि अर्ध्यावर सोडलं. ती उठून माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मास्तर, पोरांला मी नको हाय का?"

"अहो, काय बोलताय! बघा ना किती शांतपणे ऐकतायत."

"ऐकत्यात?" तिनं एकदा वळून बघितलं. "आमच्यात गोष्ट सांगणारा एक वाक्य बोलला की समदे म्हणत्यात 'द्झेपफुंदे'. म्हंजी, हाये आमी हितं, पुढं सांग. कुणी नाय म्हणालं, तर गोष्ट नकोय त्यांला. मंग उठायचं नि घरला जायचं."

"तसं नाही हो, ते..."

"दोन वर्सं म्या तुमच्या गावातनं रोज जाते, मास्तर. समदे बघत्यात. बघत्यात, पर उत्तर कुणी देत नाय. शेतातल्या बाया तेवढ्या देत्यात. मला वाटलं, पोरं देत्याल." तिचा आवाज रागाचा नव्हता. राग असता तर सोपं गेलं असतं. "जाऊ द्या. त्यांचा काय दोष."

ती खाली बसली आणि म्बिरा कापडात गुंडाळायला लागली.

मला आता काहीच करायची गरज नव्हती. काहीच न करण्याला इतका चांगला मोबदला मला पुढं कधीही मिळाला नाही. तिनं गाठोडं बांधलं असतं, मी आभार मानले असते, मुलं रांगेनं बाहेर गेली असती. सर दारात होते. एप्रिल दारात होता. वृंदाचे वडील, म्हणाल तर, त्यांच्या मागे उभे होते.

पण ती जे बोलली ते मला कुठंतरी फार जुनं, ओळखीचं वाटत होतं. मग आठवलं. आई सुपात तांदूळ निवडताना गोष्ट सांगायची. मी समोर बसायचो. प्रत्येक वाक्याला मी हुंकार द्यायचा, असा करार होता. मी गोष्टीत रंगून हुंकार विसरलो की सूप थांबायचं. "कुठं गेलास रे?" आई विचारायची. मी समोर, तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलेला असायचो. तरीही ती विचारायची, आणि मी 'हं' म्हटल्याशिवाय राजपुत्र घोड्यावर टांग टाकायचा नाही.

"थांबा," मी सेकाईला म्हणालो. "परत सांगा. ससा होता."

तिनं माझ्याकडे पाहिलं. गाठ बांधलेली नव्हती. "होता एक ससा," ती म्हणाली, जराशा संशयानं.

"हं," मी म्हणालो.

फार बारीक आवाज निघाला. पण त्या वर्गात त्या क्षणी टाचणीही ऐकू येत होती. एक्केचाळीस माना माझ्याकडे वळल्या. बेचाळिसावी दारातली.

"भणगे?" कडूसकर सर म्हणाले.

"मुलांनो," मी सरांकडे न बघता म्हणालो, "हाताची घडी सोडा."

कुणी हललं नाही. यात त्यांची चूक नव्हती. ही आज्ञा त्यांनी कधी ऐकलीच नव्हती. घडी घाला, असं सगळेच सांगतात. सोडा, असं कुणी सांगत नाही. ती मधल्या सुट्टीत आपोआप सुटते.

"सर," तेजूनं विचारलं, "बोट पण?"

"बोट पण."

"मग त्याचं काय करायचं?"

"काही करू नको. बाई एक वाक्य बोलल्या की 'हं' म्हणायचं."

"मोठ्यांदा?"

मी दाराकडे बघितलं. सरांचा हात खिशातल्या टाचणीवर होता.

"मोठ्यांदा," मी म्हणालो.

"होता एक ससा," सेकाई म्हणाली.

"हंऽऽऽ!" चौथी 'ब' म्हणाली. आठवडाभराचे सगळे साठवलेले आवाज त्या एका 'हं'मध्ये बाहेर आले. फळ्यावरचा खडू घरंगळला.

सेकाईचा चेहरा मी तेव्हा पाहिला. परक्या गावात एसटीतून उतरावं आणि गर्दीतून कुणीतरी आपल्या घरगुती नावानं हाक मारावी, तसा झाला होता. तिनं गाठोडं सोडलं, म्बिरा मांडीवर घेतला आणि गोष्ट धावायला लागली.

सशाला कामाचा कंटाळा. हं. म्हणून प्राण्यांनी त्याला बाजरी राखायला शेतातल्या माळ्यावर बसवलं. हं. ससा माळ्यावर बसून म्बिरा वाजवायचा आणि गायचा. इथं तिनं तीच मघाची ओळ गायली आणि जागा सोडली, आणि या वेळी जागा भरली. ओळीचा अर्थ मुलांना कळत नव्हता, मलाही नाही, पण तिसऱ्या खेपेला सगळा वर्ग शोना भाषेत नगरी हेल काढून गात होता. ससा गायचा म्हणून पाखरं बाजरीवर बसत नव्हती. हं. पण प्राण्यांचा म्होरक्या होता हत्ती.

"हं!"

"हत्तीला दुपारी झोप लागंना."

"हं!"

"हत्ती म्हणाला, एवढा कालवा कशाचा? माझ्या राज्यात पान पडलं तरी मला ऐकू आलं पायजे."

या वाक्याला 'हं' आला नाही. एक्केचाळीस मुलांनी एकाच वेळी दाराकडे पाहिलं.

मी आजही शपथेवर सांगतो, सेकाईला टाचणीबद्दल काहीही माहीत नव्हतं. गोष्ट तिच्या गावची होती, हत्ती तिच्या गावचा होता. पण शपथ घ्यायला मला तेव्हा कुणी बोलावलं नाही. कडूसकर सरांचे कान लाल झाले. त्यांनी टाचणी काढली, हात वर नेला आणि सोडली. ती पडली असणार, कारण गुरुत्वाकर्षण त्या दिवशीही चालू होतं. पण तेवढ्यात तेजूला काय करायचं ते आठवलं आणि ती बेंबीच्या देठापासून ओरडली, "हंऽऽऽ!" आणि मागोमाग बाकीचे चाळीस.

सर वळले आणि निघून गेले. टाचणी तिथंच राहिली.

हत्तीनं सशाचा म्बिरा काढून घेतला आणि उंच झाडाला टांगला. रान शांत झालं. हत्ती झोपला. आणि पाखरं आली.

"पाखरं आली," सेकाई म्हणाली, आणि मी 'हं' म्हणायला तोंड उघडतोय तोच मागून कुणीतरी उठून दोन्ही हात वर करून ओरडलं, "हाऽऽऽ! हुर्रऽऽऽ!"

ही सगळी बाजरीच्या गावातली पोरं. कणसं भरली की माळ्यावर चढून पाखरं हाकणं हे त्यांचं दर वर्षीचं काम. पाखरं आली म्हटल्यावर 'हं' म्हणत बसणं त्यांना शक्यच नव्हतं. सगळा वर्ग उभा राहिला. हाऽऽऽ, हुर्रऽऽऽ, न दिसणाऱ्या गोफणी फिरल्या, खिडकीबाहेरच्या लिंबावरचे खरेखुरे कावळे उडाले. सेकाईनं खुळखुळे हातात घेतले आणि ओरडणाऱ्यांच्या मधोमध नाचायला लागली, आणि या वेळी तिला कुणाला बोलवावं लागलं नाही. तेजूचा उजवा पाय सगळ्यांच्या पुढं होता. मीही नाचलो. त्याबद्दल मी इथं जास्त लिहिणार नाही.

गोष्टीचा शेवट असा. रानात इतकी शांतता झाली की हत्तीला त्या शांततेनंच जाग आली. बघतो तर कणसं रिकामी, बाजरीची नुसती ताटं उभी. त्यानं झाडावरचा म्बिरा काढला आणि सशाला नेऊन दिला. ससा म्हणाला, वाजवीन, पण तू गायलास तर. हत्ती जन्मात कधी गायला नव्हता. त्यानं डोळे मिटले आणि गायला. पाखरं सात डोंगर पलीकडे गेली. आणि स्वतःचा आवाज कसा आहे, ते हत्तीला म्हातारपणी कळलं.

"न्दिपो पाकापेरेरा सारुंगानो," सेकाई म्हणाली. "हितं सांगणारा संपला." मग तिनं मांडी घालून, हाताचे तळवे ओंजळीसारखे पोकळ धरून, हळूहळू टाळ्या वाजवल्या. हे तिच्याकडचं आभार मानणं होतं. मुलांना वाटलं, टाळ्या वाजवायची सूचना आहे. त्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं.

जाताना ती मला म्हणाली, "मास्तर, तुमचा आवाज लई बारीक हाय."

"सवय नाही."

"व्हईल," ती म्हणाली.

*

एप्रिलमध्ये 'अ' तुकडीच्या बाई कायम झाल्या. वर्ग माझा बाहेर ऐकू येत होता, पार स्टँडपर्यंत, हे नाकारण्यात अर्थ नव्हता. वृंदाच्या वडिलांनी मला विचारलं, आता पुढं काय? मी सांगायला सुरुवात केली आणि दाराआडून वृंदा म्हणाली, "हं." त्यावर त्यांनी आमचं लग्न लावून दिलं. मी वर्तमानपत्रात गेलो. गेली अठरा वर्षं आठवड्याला एक विनोदी लेख लिहितो. छापायला देण्याआधी तो वृंदाला वाचून दाखवतो. ती भाजी चिरत हुंकार देते. ज्या परिच्छेदाला हुंकार येत नाही, तो मी खोडतो. माझे लेख छोटे का असतात, असं वाचक विचारतात. त्याचं कारण हे.

सेकाई त्याच मे महिन्यात परत गेली. तिथं ती बाजरी करते आणि शनिवारी मुलं जमवून म्बिरा, नाच, गोष्टी. मागच्या वर्षी तिचा फोन आला. वीस वर्षांत राहून गेलेलं मी म्हणून टाकलं. "सेकाई, तुझे फार उपकार आहेत माझ्यावर."

"उपकार कसले, मास्तर? तुमची नोकरी घालवली म्या."

"म्हणूनच."

मग फोनवर पोकळ तळव्यांच्या टाळ्या ऐकू आल्या. मीही फोन खांद्याला दाबून तशाच वाजवल्या. वृंदानं आत येऊन विचारलं, मच्छर झालेत का?

पण आभार आणखी एका माणसाचेही मानायचे आहेत, आणि ते मी कधी मानले नाहीत.

शाळेतला माझा शेवटचा दिवस. परीक्षा संपल्या होत्या, वर्ग रिकामे. कडूसकर सरांनी ऑफिसात माझा दाखला पुढं ओढला. 'वर्तन' समोर त्यांनी 'चांगले' लिहिलं. 'वर्गनियंत्रण' समोर बराच वेळ पेन धरून ठेवलं आणि शेवटी एक आडवी रेघ ओढली. सही केली, शिक्का मारला.

मी खिशातून कागदाची पुडी काढून टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"तुमची टाचणी, सर. त्या दिवशी दारात राहिली होती."

सरांनी पुडी सोडली. टाचणी बघितली. खिशाला नवी टोचलेली होती, ती त्यांनी चाचपली, आणि जुनी तशीच पुडीत बांधून खणात ठेवली. मी दाखला घेतला, नमस्कार केला आणि दारापर्यंत गेलो.

"भणगे."

"सर?"

ते खणाकडेच बघत होते. "त्या हत्तीचं पुढं काय केलं हो त्या बाईंनी?"

"तुम्ही मध्येच गेलात, सर."

"म्हणून तर विचारतोय."

मी परत आलो. वर्षभरात पहिल्यांदा, बसा न म्हणता, त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसलो.

"हत्तीला जाग आली," मी म्हणालो. आणि थांबलो.

सर वाट बघत राहिले. मीही. व्हरांड्यात शिपाई झाडत होता, त्याच्या केरसुणीचा आवाज येत होता.

"पुढं?" सर म्हणाले.

"'पुढं' चालत नाही, सर."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग दाराकडे. उठले, दार लोटून घेतलं, कडी लावली, परत येऊन खुर्चीत बसले आणि घसा साफ केला.

"हं," कडूसकर सर म्हणाले.